एवाझियोचं बिऱ्हाड

३ नोव्हेंबर
एवाझियोच्या कुत्रीने ओकच्या झाडाखाली उकरून पुन्हा पांढरं ट्रफल काढलं, ते सोन्याच्या भावाने विकलं जाणारं अळंबं. अंड्याएवढं. मला मत्सर वाटत नाही. हुंगलं कुत्रीने, यात ह्याचं कर्तृत्व काय? तरी खानावळीत सगळे ह्याच्याच पाठीवर थापा मारत होते. खानावळवालीच्या मुलीने, ओर्नेलाने, ट्रफलचा वास घेताना डोळे मिटले. माझ्या चेस्टनटच्या पिशवीकडे मात्र डोळे उघडे ठेवून पाहिलं. फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

संकल्प: ११ तारखेला, संत मार्तिनोच्या दिवशी, नवी वाईन उघडली की ओर्नेलाला मागणी घालायची.

६ नोव्हेंबर, सकाळी
दव गोठलं. द्राक्षमळे पांढरे. एवाझियोच्या कुत्रीला, दिआनाला, चीजचा तुकडा दिला. तिने खाल्ला. तेवढ्यात त्याने शिट्टी वाजवली आणि ती पळाली. कुत्र्यांना माणसाची पारख असते म्हणतात. कोण म्हणतं कोण जाणे.
मलाही शिट्टी येते. थंडीत दात शिवशिवतात म्हणून वाजवत नाही.

८ नोव्हेंबर
एवाझियो बिऱ्हाड हलवतोय. शेतीचा करार संपलेले सगळे हलतात तसाच, ११ तारखेला. कुठे, ते विचारलं नाही. माझा आनंद दिसला असता. चेहरा पाडून म्हटलं, सामान उचलायला येऊ का? तो गहिवरला. म्हणाला, "देल्फिनो, तू माझ्यावर जळतोस असं मला वाटायचं रे."
लोक काहीही समजतात.

१० नोव्हेंबर
मागणीचं वाक्य आरशासमोर पाठ केलं. मधे खोकला येतो. लहान केलं.
रस्त्यात ओर्नेलाची आई, पिएरीना मावशी भेटली. म्हणाली, उद्या जेवायला आमच्याकडेच ये, किती दमशील. मी अजून बोललोही नाही आणि मावशी जावयासारखं वागवते आहे.

११ नोव्हेंबर
सकाळी कडाक्याची थंडी. त्याने लवकर निघावं म्हणून कपाट एकट्याने उचललं. पाठीत काहीतरी कडाडलं. दिआना ट्रॅक्टरवर त्याच्या मांडीवर, मी मागे ट्रॉलीत, गादी धरून. गावाबाहेर जायला उजवीकडे वळायचं; हा डावीकडे वळला. वाटलं, सगळ्यांचा निरोप घेणार. चांगली रीत आहे.
खानावळीपुढे थांबला. मावशीने दाराची दोन्ही कवाडं उघडली. ओर्नेला जिन्यातून म्हणाली, "देल्फिनो, कपाट वर, आमच्या खोलीत. आणि भिंतीला घासू नकोस हं, कालच रंग दिलाय."
घासू दिलं नाही.
लग्न शनिवारी. सगळ्या गावाला माहीत होतं म्हणे. मला सांगायचं राहून गेलं. मी स्वतःहून मदतीला आलो, तेव्हा माहीतच असणार असं त्यांना वाटलं.
नव्या वाईनचा पहिला ग्लास एवाझियोने मला दिला. आंबट असावी अशी इच्छा होती. नव्हती.
ते दोघं वर कपाट लावायला गेले. मी शेकोटीजवळ बसलो. दिआना आपणहून आली आणि माझ्या बुटांवर डोकं ठेवून झोपली. तिची झोपमोड नको म्हणून मी पायही हलवला नाही.
मग वरून ओर्नेलाची हाक आली, "ये ना वर, बघ कसं दिसतंय!"
आम्ही दोघंही उठलो. वरून एवाझियोने शिट्टी वाजवली. दिआना गेली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर मी थांबलो, वर ओर्नेला त्याला म्हणत होती, "मी हाक मारली दिआनाला, पण तिला तुझी शिट्टीच लागते."