बाय म्हणजे नक्की कोण?

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

प्रिय आये,

तुला कधी पत्र लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं आणि फोनवर बोललं की भागायचं. तू गेलीस त्याला वर्ष उलटून गेलं, तेव्हाही लिहावंसं वाटलं नाही. आज लिहिते, कारण परवा तुझ्या नातीनं मला एक प्रश्न विचारला आणि तो मला झोंबला.

अनूला इथे बहारीनच्या इंग्रजी शाळेत हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडचा इतिहास आहे. अँग्लो-सॅक्सन म्हणतात त्या लोकांना. मी दहावी शिकलेली, आमच्या पुस्तकात हे कुणी नव्हते. पण ती वाचते, मी भाजी निवडत ऐकते. त्यांच्या बायका मागावर कापड विणायच्या, पेटीच्या किल्ल्या कमरेला लावायच्या. अगदी तुझ्यासारख्या!

आणि मरण्याआधी साक्षीदारांसमोर सांगून ठेवायच्या, कुणाला काय द्यायचं ते. तोंडानं बोललेलं तेच खरं मृत्युपत्र, कागद नुसता आठवणीला. एक विधवा सांगते, माझा चांगला झगा अमकीला, त्याच्या खालोखालचा तमकीला, पलंगाचे पडदे नातीला. एकेका कपड्याचा रंग सांगितलाय, आये! आणि प्रत्येकीचं नाव, स्वच्छ.

माझ्या हातात मेथीची जुडी तशीच राहिली.

"ममा, आजीनं तुला काय लीव्ह केलं?" अनूनं विचारलं. "प्रोजेक्टला रिअल फॅमिलीचं हवंय."

"काही नाही."

"नथिंग? आणि मामीला?"

मामीला म्हणजे सुरेखाला. माझ्या धाकट्या भावाच्या, बाळूच्या बायकोला. तिला तू हिरवं लुगडं दिलंस.

ते लुगडं, तांबड्या काठाचं, वर्षातून एकदा पेटीतून निघायचं आणि गौरीला नेसवलं जायचं. निऱ्या कोण धरायची? मी! इतकीशी होते तेव्हापासून. चिमटीत नीट बसल्या की तू म्हणायचीस, "बाय गो, पुढं हे तुझंच." म्हणाली होतीस की नाही? साक्षीला तेवढी गौर होती, आणि ती काही बोलायची नाही.

तू गेलीस त्या आठवड्यात आमचे पासपोर्ट व्हिसाच्या कामात ऑफिसात अडकले होते. मला येता आलं नाही. बाळूनं फोनवर सांगितलं, "ताई, आये शेवटचं एवढंच बोलली, लुगडं बायला द्या. म्हणून सुरेखाला दिलं."

मी म्हटलं, "बरं केलंस." फोन ठेवला आणि गॅसची शेगडी घासत बसले. स्वच्छच होती, तरी घासली.

आये, बाय मी होते ना? जन्मल्यापासून? कागदोपत्री नाव वेगळं, पण तुझ्या तोंडी मी बायच. माझं लग्न झालं, मी इकडे आले, सुरेखा घरात आली आणि तू तिलाही बाय म्हणायला लागलीस. पहिल्यांदा ऐकलं ते फोनवरच. माझ्याशी बोलता बोलता तू ओरडलीस, "बाय, दूध बघ गो, उतू जातंय!" आणि मी इथे मनामात माझ्या शेगडीकडे बघितलं! दूध ठेवलेलंच नव्हतं. तेव्हा कळलं की हाक माझी नाही.

दुसरं नाव नव्हतं का तिच्यासाठी? भांडी दे, शेत दे, लुगडंही दे. माझी हाक कशाला दिलीस?

आमच्या ह्यांना वाटतं मी लुगड्यापायी रुसलेय. तुबलीच्या गॅरेजमधून, कामावरून आले, हात धुता धुता म्हणाले, "अगं, तू नऊवारी नेसतेस तरी का कधी? खलास कर तो विषय."

मी म्हटलं, "तुम्ही जेवा."

हेवा करू नये, हे मला कळत नाही असं नाही. सूकातल्या, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातल्या देवळात दर सोमवारी चालत जाते, हात जोडते, सांगते, देवा, मन साफ कर. आणि परत येताना त्याच रस्त्यावर फोन उघडून सुरेखाचे फोटो बघते. सुरेखा तुझ्या तुळशीपाशी. सुरेखा तुझ्या तव्यावर घावणे घालतेय. जाळीसुद्धा तुझ्यासारखी पडते तिच्या घावण्याला! माझे अजून तव्याला चिकटतात.

तर परवा अनूनं परस्पर मामीला फोन लावला, स्पीकरवर. "मामी, आजीच्या विलची विटनेस तू आहेस ना? आजी एग्झॅक्टली काय म्हणाली?"

पलीकडून सुरेखा म्हणाली, "आईला दे."

मी फोन घेतला आणि वर्षभर गिळलेलं विचारलं, "सुरेखा, खरं सांग. बाय म्हणजे कोण?"

"ताई, शेवटचे दिवस त्यांना माणूस ओळखू येत नव्हतं," ती म्हणाली. "मी तोंड पुसलं की विचारायच्या, बाय, बारीनवरून कधी आलीस गो?"

"मग तू काय म्हणायचीस?"

"म्हणायची, आजच आले आये. नाही म्हटलं असतं, तर परत दाराकडे बघत राहिल्या असत्या."

मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. तीच बोलली.

"राग मानू नका ताई. पण बारा वर्षं त्यांचं सगळं मी केलं, आणि शेवटचा घास भरवला तो तुमच्या नावावर गेला. मला काय वाटलं असेल?"

"आणि लुगडं?"

"घडी मोडलेली नाही. सुतकामुळे गेल्या साली गौर आणली नाही, ते एक बरंच झालं. ते तुमचं की माझं, मलाच कळत नाही. नेसवू कशी?"

आये, खरं सांगू? मला आधी आनंद झाला! शेवटी तुला मीच हवी होते, ती नाही. नंतर देवासमोर दिवा लावताना मान वर होईना. मी आले असं समजूनच तू गेलीस. मी न येताच! ते सुरेखानं केलं. माझ्या जागी ओ तिनं दिली, आणि त्यासाठी स्वतःचं नाव बाजूला ठेवलं.

आणि मी समजत होते, हेवा करणारी मी एकटीच.

त्या अँग्लो-सॅक्सन लोकांची एक रीत अनूनं सांगितली. एकाच कागदावर तोच मजकूर दोनदा लिहायचा, एक वर, एक खाली. मधल्या जागेत मोठ्या अक्षरात एक शब्द, आणि त्या शब्दातूनच कागद कापायचा. अर्धा एकाकडे, अर्धा दुसऱ्याकडे. भांडण झालं तर तुकडे जुळवून बघायचे.

काल आम्ही तसा कागद केला. मी सांगितलं, अनूनं दोनदा लिहिलं, मराठीत, वेलांट्या चुकवत: आजीचं हिरवं लुगडं दोघींचं. गौरीला नेसवताना निऱ्या एकीनं धराव्या, पदर दुसरीनं.

"मध्ये कुठला वर्ड?"

"बाय."

"गुडबायमधलं?" ती हसली. आठवतं? फोन ठेवताना ती "बाय, आजी!" म्हणायची आणि तू म्हणायचीस, "मी कसली बाय? बाय तुझी आई गो!"

तिनं कात्री नागमोडी फिरवली. वरच्या तुकड्यावर शिरोरेषा आली, खालच्यावर अक्षरांचे पाय. वरचा मी ठेवला. हो, पटकन उचलला! खालचा गावी जाणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर सुरेखाला पाठवतेय. पाय तिच्याकडेच बरे. तुझ्या घरात इतकी वर्षं चालली ती.

ह्यांच्या सुट्टीला मॅनेजर इंशाल्ला म्हणालाय, म्हणजे त्यांचं काही धरू नकोस. पण अनू आणि मी यंदा गौरीला येतो, हा शब्द. निऱ्या सुरेखाला धरू देईन, मी पदर बघेन. आणि त्या घरात कुणी "बाय" अशी हाक मारली, तर आधी ओ तिला देऊ देईन. मी मागाहून देईन, थोडी थांबून. थांबायला मला जड जाईल, तुला ठाऊक आहे. तरी थांबेन.

तुझीच,
पहिली बाय