राखेला विचारलेला प्रश्न

॥ श्री ॥
उमरेड, ता. ६ डिसेंबर १९८६

चि. मधुकर यास वच्छलाताईचे अनेक आशीर्वाद.

तू यांना दवाखान्यातून थेट कोराडीला नेलंस, माझा जीव भांड्यात पडला. मोतीबिंदू दिसायला लहान, पण निस्तरायला मोठा. मीच यायला हवं होतं. पण इथलं तुला माहीत आहे. घराला कुलूप लावायचं नाही असं यांनी तीन वर्षांपूर्वी ठरवलं ते ठरवलं. गुणवंत आला आणि त्याला दाराला कुलूप दिसलं तर पोरगा कुठे जाईल, म्हणतात. म्हणून मी इथे आणि माझं सगळं लक्ष तिकडे.

पट्टी आहे तोवर त्यांना खाली वाकू देऊ नकोस. औषधाचे थेंब पुष्पलतेलाच घालू दे. तुझ्या हातावर माझा भरवसा नाही, लहानपणी दिव्यात तेल घालताना निम्मं ओट्यावर सांडायचास.

आता एक जड काम सांगते. वैनगंगेत डोंगा उलटला तेव्हा बाकीचे सगळे सापडले, आपला गुणवंतच तेवढा सापडला नाही. गुरुजी म्हणतात, देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग तेरवी करता येते. हा विषय काढला की हे उठून बाहेर जातात. मागावर बसत नाहीत, कोणाशी चार शब्द बोलत नाहीत. माझ्या पोराला ना पाणी, ना पिंड. तुझं ऐकलं तर बघ. गुणवंतची वाट बघणं मी कसंतरी सोडलं रे, पण यांना वाट बघताना बघवत नाही.

पुष्पलतेला आशीर्वाद. माझ्यावरची माया अशीच राहू दे, आणि पत्राला आळस करू नकोस.

तुझी ताई,
वच्छला


कोराडी, ता. १५ डिसेंबर १९८६

ती. सौ. वच्छलाताईस मधुकरचा शि. सा. न. वि. वि.

भाऊजींचा डोळा छान भरून येतो आहे. सीताबर्डीवरून काळा चष्मा आणून ठेवला आहे. पुष्पलता त्यांना खाली वाकू देत नाही आणि मला थेंबांच्या बाटलीला हात लावू देत नाही, तेव्हा तुझ्या दोन्ही आज्ञा पाळल्या जात आहेत.

पुतळ्याचा विषय मी काढला. भाऊजी पट्टीसकट भिंतीकडे तोंड करून बसले ते जेवायच्या वेळेपर्यंत. मग मी वेगळंच काही केलं. रागावू नकोस, आधी सगळं वाच.

आमच्या वीजकेंद्रातले बॉयलरवरचे नत्थूजी आहेत ना, त्यांच्या मेहुण्याने अमेरिकेहून एका खेळाचं पुस्तक आणलं. या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने एक जग सांगायचं आणि बाकीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं. मी म्हणतो, समोर अंधारा जिना आहे, काय करता? कोणी म्हणतं उतरतो, कोणी म्हणतं मागे फिरतो. जमलं की फसलं हे फासे ठरवतात. फासे आम्ही सापशिडीतले घेतो. पुस्तकात नियम तेवढे आहेत, जग मी माझं रचलं. रविवारी जेवणं झाली की नत्थूजी, शाळेतल्या प्रेमिलाबाई आणि पुष्पलता खेळायला बसतात.

जग असं आहे. फार पुढचा काळ. माणसं दुसऱ्या एका ग्रहावर राहायला गेली आणि तिथला सूर्य विझला. उरलं फक्त एक वीजघर. त्याच्या उबेवर सगळी वस्ती आत दाटीवाटीने राहते. बाहेर काळोख आणि सतत पडणारी राख. त्या राखेत काहीतरी आहे. त्याला स्वतःचं तोंड नाही, म्हणून ते बाहेर हरवलेल्या माणसांचे आवाज वापरतं. दारापाशी येऊन म्हणतं, मी येतोय, दार लावू नका. प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी बाहेर राहिलेलं, त्यामुळे दार लावायची कोणाची छाती होत नाही. उघड्या दारातून ऊब निघून जाते आणि राख आत शिरते. ज्या खोलीत ती पोचते तिथली माणसं मरत नाहीत. बसल्या जागी डोळे उघडे ठेवून बसून राहतात आणि काही दिवसांनी तीही हाका मारू लागतात.

या खेळाला डोळे लागत नाहीत, म्हणून भाऊजींनाही ओढलं. आधीच्या रविवारी ते कोपऱ्यात नुसते बसून होते. काल नत्थूजी कंटाळून म्हणाले की लावून टाकू दार एकदाचं. तर कोपऱ्यातून आवाज आला, काहून लावता गा, लोक बाहेर हायेत ना. आम्ही सगळे बघतच राहिलो. मी लगेच त्यांना दारावरचा पहारेकरी करून टाकलं. त्यानंतर दुपारभर ते बोलत होते ताई, आणि संध्याकाळी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तुझा लोभ आहे म्हणूनच असले उद्योग करायचं धाडस होतं.

तुझा,
मधू


उमरेड, ता. २३ डिसेंबर १९८६

चि. मधुकर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले. कॉलनीत वाळत घातलेलं धुणं राखेने काळं होतं म्हणून पुष्पलता वर्षभर कुरकुरते, आणि नवरा घरात बसून आणखी राख रचतो. नोकरी करून जीव भरत नाही वाटतं तुझा.

मग हसू थांबलं. आमच्या दाराला तीन वर्षं रात्रीची कडी नाही. दिवाळीला आलास तेव्हा वारा लागतो म्हणालास आणि मी तुला दुसरी गोधडी काढून दिली होती. खरं सांग, हे जग तू कुठून आणलंस?

शेजारच्या शोभाताईंना थोडंसं सांगितलं. त्या म्हणाल्या, असल्या खेळाने बाधा होते वं, बंद करायले सांग. मी म्हटलं, तीन वर्षं घरात आहे ती बाधा काय कमी आहे? मधू, हे दुपारभर बोलले, ते वाक्य मी परत परत वाचलं. काय बोलले ते तेवढं लिहिलं नाहीस. तुम्हा पुरुषांना महत्त्वाचं नेमकं सुचत नाही.

खेळ चालू ठेव. माझी एकच अट आहे. त्या राखेला माझ्या पोराचा आवाज देऊ नकोस. आपल्या आईचा दे, आबांचा दे, मी काही म्हणणार नाही. गुणवंतचा नको.

हुरडा पाठवते आहे. तुझं भलं व्हावं हेच देवाजवळ मागणं.

तुझी ताई,
वच्छला


कोराडी, ता. ५ जानेवारी १९८७

ती. सौ. ताईस मधुकरचा शि. सा. न. वि. वि.

तू विचारलंस, जग कुठून आणलं. दिवाळीला तुमच्याकडून परत येताना बसमध्ये रचलं. ठरवून तुमचं घर घेतलं नाही, पण घेतलं गेलं. तुझ्याशी खोटं काय बोलू?

आता पुढचं लिहायला हात धजत नाही. तुझी अट मी पाळली नाही.

काल राख बाळंतिणींच्या खोलीपर्यंत पोचली होती. प्रेमिलाबाईंचा त्या खोलीवर फार जीव, त्यांनी भाऊजींना विनवलं की आता तरी दार लावू द्या. भाऊजींची पट्टी निघाली आहे, काळ्या चष्म्याआड काय चाललं आहे ते कळत नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं, त्या राखेत माहा पोरगा हाय का?

आमच्या खेळात नियम आहे, राखेला विचारलं तर फासे टाकायचे. फासे पडले आणि राखेने उत्तर द्यायचं ठरलं. मी खेळ थांबवू शकलो असतो. पुष्पलता मानेने नको नको म्हणत होती. पण भाऊजी असे पुढे सरकून बसले होते की नाही म्हणणं मला फार निर्दय वाटलं. मी एकच शब्द बोललो. बाबा, म्हणालो. गुणवंत म्हणायचा तसं, शेवटचा स्वर लांबवून.

भाऊजींनी राखेला शांतपणे विचारलं, घरून निघतानी मी तुले काय म्हटलं होतं?

ताई, मला ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक नाही म्हणजे राखेलाही नाही. मी काही रचून सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. भाऊजी वाट बघत राहिले. मग म्हणाले, नत्थू, लाव गा दार. हा गुणवंत नोहे. आपल्याले जेवढं माहीत तेवढंच याले माहीत हाय.

नत्थूजींनी दार लावलं. त्याला फासे टाकायचे होते, ते कोणालाच आठवलं नाही. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हणून बजावलं होतं, पण हे पाणी आतून आलं. पुष्पलता कापसाने टिपत बसली होती.

मला चार शिव्या दे, पण बोलणं सोडू नकोस.

तुझा अपराधी भाऊ,
मधू


उमरेड, ता. १५ जानेवारी १९८७

चि. मधुकर यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा चुलीत घालणार होते. मी एकच गोष्ट मागितली होती तुझ्याजवळ, तीही तू ठेवली नाहीस. त्याने बाबा म्हटलेलं तीन वर्षांत मी स्वप्नातसुद्धा ऐकलं नाही, आणि तू ते भरल्या खोलीत म्हणून मोकळा झालास. यांना ऐकायला मिळालं आणि मला नाही, याचाही राग आला. आता काय ते समज.

निघताना हे त्याला काय म्हणाले ते मलाही ठाऊक नाही. मी आत डबा बांधत होते. तो गेल्यावर हे दारातच उभे होते एवढं आठवतं.

आज संक्रांतीचा तिळगूळ पाठवला आहे. तुझाही वाटा त्यात आहे. यांना कधी आणून सोडतोस ते कळव.

ताई


कोराडी, ता. १९ जानेवारी १९८७

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. माझा वाटा त्यात होता याचं किती बरं वाटलं ते लिहून कळायचं नाही.

डॉक्टरांनी भाऊजींना घरी जायची परवानगी दिली. शुक्रवारी दुपारच्या बसने मी घेऊन येतो. निघताना काय म्हणालात, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, ते तिलेच सांगीन. आणि एक गोष्ट मी न विचारता झाली. काल फिरायला नेलं होतं, तर एका पळसाच्या झाडापाशी ते थांबले आणि पानांवर हात फिरवून म्हणाले की उमरेडला याहून मोठी पानं मिळतात.

भेटीची ओढ आहे, तुलाही असावी.

तुझा,
मधू


॥ श्री ॥
उमरेड, ता. १५ फेब्रुवारी १९८७

चि. मधुकर यास वच्छलाताईचे अनेक आशीर्वाद.

तेरवीला आलास, राबलास, पण पाहुण्यांच्या गर्दीत तुझ्याशी धड बोलता आलं नाही. म्हणून लिहिते. हे मागावर बसायला लागले आहेत. चष्मा लावून सूत बघतात आणि माझ्या कांड्या भरण्यात खोडी काढतात, म्हणजे तब्येत सुधारली. दार लावल्यावर त्या वीजघरातली माणसं तगली का, हे तुला विचारायला सांगितलं आहे. पुढल्या महिन्यात डोळा दाखवायला येतील तेव्हा रविवार धरूनच येणार आहेत. तुझ्यावर आता माझा राग नाही. होता तेव्हा खरा होता.

ते काय म्हणाले होते, ते त्यांनी आल्या दिवशीच मला सांगितलं. पाणी जास्त असन तर थांबजो, डोंग्यात बसू नको, असं म्हणाले होते. आपला पोरगा ऐकणारा होता. थांब म्हटलं म्हणजे कुठेतरी थांबलाच असेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. मग त्याची वाट बघणं कसं सोडणार? तीन वर्षं मी त्यांना हट्टी म्हटलं, मधू. विचारलं कधीच नाही.

पुतळा त्यांनी स्वतः केला. गुरुजी सांगत होते आणि हे अंगणात बसून पान पानाला बांधत होते. गाठी अगदी मागावरच्यासारख्या बारीक, एक पान सुटलं नाही. सगळं तयार झालं, नदीवर न्यायची वेळ झाली आणि मीच उठले. तीन वर्षं ज्याच्यासाठी भांडले तो पुतळा मी मांडीवर घेतला आणि देईना. बायका समजवायला लागल्या, गुरुजी वेळ जाते म्हणाले. हे माझ्याशेजारी खाली बसले. ओढून घेतला नाही. राहू द्या जराशीक, एवढंच सगळ्यांना म्हणाले.

मला दुसरं काही सुचत नव्हतं. किती हलका आहे, एवढंच मनात येत होतं. जन्मला तेव्हा गुणवंत याच्याहून जड होता रे. मग मी उठले आणि त्याला त्याच्या बापाच्या हातात दिलं.

पुष्पलतेला आशीर्वाद सांग. आता आपण दोघंच भावंडं आहोत, तेव्हा भांडलो तरी पत्र थांबू देऊ नकोस.

तुझी ताई,
वच्छला