बिदरपर्यंतची सोबत

उदगीर,
२० मार्च २०२५

प्रिय वहिनी,

तुम्हाला वाकून नमस्कार, दादाला नुसता नमस्कार, आणि पुनमला परीक्षेसाठी आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नका, मी धडधाकट आहे. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "ताई, बऱ्या हाव का? आवाज का असा येऊन राहिला?" आणि मी सर्दीचं नाव सांगितलं. तुमच्याकडं फोन स्पीकरवर असतो आणि शेजारी दादा चहा पीत बसलेला असतो. म्हणून हे पत्र. तो केळीच्या बागेत गेला की वाचा.

शाळेचं ठीक चाललंय. ऊन लई तापलंय. तुम्ही पाठवलेले वेफर्स संपले.

बेंगळूरचा जुन्या विमानांचा एअर शो छान झाला, एवढंच मी तुम्हाला सांगितलं होतं. दादा दर वेळी म्हणतो, "वर्षे, बसायचं न्हाई, नुसतं बघायचं, त्याच्यासाठी एवढ्या लांब?" लहानपणी अर्धापूरला आपल्या शेतांवर एकदा फवारणीचं विमान आलं होतं. इतकं खाली, की चालवणाऱ्यानं माझ्याकडं बघून हात केला. ते पुन्हा येईल म्हणून मी दिवसभर बांधावर बसले होते. तेव्हापासूनचं हे वेड. नवी लढाऊ विमानं मला आवडत नाहीत. आवाज कानावर येईपर्यंत ती निघून गेलेली असतात. जुनं छोटं विमान येताना दिसतं, आणि जातानाही बराच वेळ दिसत राहतं.

मी तिकडं एकटीच जाते, असं तुम्ही सगळे समजता. निघते एकटीच. पण बिदरला त्याच गाडीत एक गृहस्थ चढतात. गुरुबसप्पा त्यांचं नाव. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आता निवृत्त आहेत. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. कधीकाळी मैदानात शेजारी उभे होते, मी एका विमानाचं नाव चुकीचं पुटपुटले, तर म्हणाले, "ते नव्हे हो मॅडम." तिथून ओळख. दर दोन वर्षांनी तोच मेळा, तीच गाडी. राहायला ते मित्राकडं, मी मैत्रिणीकडं. एरवी विमानांच्या फोटोंपलीकडं कधी मेसेज नाही. पण मेळ्याची तारीख लागली की मी नवी साडी घ्यायचे. एकदा तुम्हीच विचारलं होतंत, "कुणाचं लगीन हाय का ताई?"

या वेळी मी ठरवून गेले होते. काय ठरवलं होतं ते लिहायला हात धजत नाही. तुम्ही बाईमाणूस आहात, समजून घ्या.

तर त्यांनी एक आश्चर्यच केलं. तिथं टायगर मॉथ नावाचं फार जुनं विमान होतं. पंखांची एक जोडी वर, एक खाली, अंगावर पत्र्याऐवजी ताणून बसवलेलं कापड, डोक्यावर छप्पर नाही. त्याचा पायलट त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. पायलटशिवाय एकालाच बसता येणार होतं. मी म्हटलं, "सर, तुम्ही बसा." तर म्हणाले, "मी खालून बघतो. तुम्ही जाऊन या की."

वहिनी, मी उडाले! पायलट मागं, मी पुढं. पदर कंबरेला घट्ट खोचलेला, वर कुणाचं तरी जाकीट. वारा तोंडावर असा आदळत होता की श्वास घेता येईना, आणि मी मोठमोठ्यानं हसत होते. खाली ते हात हलवत होते, अगदी टिचभर दिसत होते. तेव्हाच मनाशी म्हटलं, उतरले की बोलायचं.

उतरले. त्यांनी हात देऊन मला बाजूला आणलं आणि माझ्या आधी तेच बोलले. "मॅडम, मुलाकडं ऑस्ट्रेलियाला चाललो. कायमचा. घर विकलं. जाण्याआधी तुम्हाला एकदा बसवायचं होतं."

मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "बरं झालं. तिकडंही जुनी विमानं असतील."

परतीच्या गाडीत आम्ही हवापाण्यावर बोललो. बिदरला ते उतरले आणि माझ्या खिडकीशी येऊन थांबले. "मॅडम, काही राहिलं का?" मी वाकून बाकाखाली बघितलं. त्यांची पाण्याची बाटली होती. ती खिडकीतून दिली. "एवढीच राहिली होती," म्हटलं. त्यांनी ती घेतली, पण हलले नाहीत. गाडी सुटली तरी तिथंच उभे होते. पुढं भालकी आल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला, ते काय विचारत होते.

मी फोन करू शकले असते. केला नाही. या महिन्याच्या सुरुवातीला ते गेले. मागच्या आठवड्यात तिथल्या कुठल्याशा मैदानावरच्या एका पिवळ्या विमानाचा फोटो आला. मी "छान" असं लिहिलं. त्यांनी अंगठा पाठवला.

दादाला यातलं काही सांगू नका. तो रागावणार नाही, हसेल; आणि ते मला सोसणार नाही.

चार दिवस इकडं येऊन राहाल का? एकट्याच या. आपण यावर बोललंच पाहिजे असं नाही. कुणाची तरी वाट बघत राहायची मला सवय आहे, ती अवघड नाही जात. वाट बघायला कुणीच नसणं मात्र मला अजून जमत नाही. लवकरची तारीख जमली नाही तर लांबची सांगा, दिवाळीनंतरची सांगा. पण वहिनी, एक तारीख सांगा.

तुमची,
वर्षाराणी