तळ्यात सोडलेली चिलापी

अण्णा, मी कसल्या जिवाचा अभ्यास करते हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही. काचेसारखा आरपार दिसणारा, अक्रोडाएवढा जीव. अंगावर कंगव्याच्या दातांसारख्या ओळी. जहाजाचा तोल राखायला त्याच्या पोटात पाणी भरतात, त्यातून तो परक्या समुद्रात उतरतो आणि पाण्यात तरंगणारे बारीक जीव, ज्यांना आम्ही प्लवक म्हणतो, ते खात सुटतो. माशांची अंडीही सोडत नाही. मग पिल्लांना खायला उरत नाही नि कोळ्यांची जाळी रिकामी येतात. बीडची बाई समुद्राच्या मागे कशी लागली, असं लोक विचारतात. मी हसून वेळ मारून नेते.

तुम्ही तळ्यावरच्या मच्छीमार सहकारी संस्थेचे अध्यक्ष होतात. दुष्काळात तळं आटलं, दोन वर्षं जाळी खुंटीला. मग तळं भरलं आणि माशांचं बीज कुठलं सोडायचं यावर जेवताना बोलणं निघालं. मी अंबाजोगाईला कॉलेजात नुकतीच जायला लागलेली, एक पुस्तिका वाचून पंडित झालेली. मीच म्हणाले, चिलापी सोडा, बाहेरचा मासा आहे पण झपाट्यानं वाढतो. तुम्ही भाकरी तशीच हातात धरून म्हणालात, "पोरी, पान्यात सोडलेलं परत येचता येत न्हाई." मी चिडले, नेहमीसारखीच. "तुम्हाला काही कळत नाही!" आणि तुम्ही माझं ऐकलंत. पहिलं वर्ष बरं गेलं. मग चिलापीनं प्लवक फस्त केले, इतरांची अंडी खाल्ली. मरळ गेली, झिंगे गेले, आणि चिलापीच इतकी माजली की खायला न पुरून बोटाएवढीच राहू लागली.

भर सभेत तुमच्याहून लहान एक सभासद ओरडतो, "कावून सोडली बे ही अवदसा?" मी दारात चहाची किटली घेऊन उभी. तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही. "माजीच मती फिरली," म्हणता, आणि अध्यक्षपद सोडता. घरी मी रडले तर म्हणालात, "तुजं नाव घेतलं असतं तर उद्या गावात कुनी पोरीला कालेजात धाडलं नसतं." मला सुटल्यासारखं वाटलं, अण्णा. त्याची लाज अजून जात नाही.

तुमच्या पश्चात ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगते. परवा एका मुलीनं विचारलं, "पण चिलापी सोडायला सांगितली कुणी?" मी ठरलेलं उत्तर दिलं: संस्थेचे अध्यक्ष होते, शिकलेले नव्हते. हे पत्र तिला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. आज ती पहिल्या बाकावर वही उघडून बसली होती. मी पुढचं प्रकरण शिकवायला घेतलं.