जनसुनावणीच्या आदल्या दिवशी

बाई,

आपल्या गटाचा वार्षिक अहवाल आज दुपारी लिहून संपवला. तुम्ही गेल्यापासून हे काम माझ्याकडेच येतं. पर्यावरण आणि वीज या विषयांवर काम करणारे आम्ही बडोद्याचे काही वकील, असं पहिल्या ओळीत लिहायचं आणि मग वर्षभरात काय काय केलं ते एकाखाली एक मांडायचं. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी व्याख्यानं, सरपंचांचं शिबिर, वीजदरांवरच्या हरकती, कुठल्या कुठल्या गावचे पाण्याचे नमुने. गेल्या वर्षीचा कागद समोर ठेवून गावांची नावं बदलली तरी चालतं, आणि खरं सांगायचं तर यंदा मी तसंच केलं. हल्ली फार थकायला होतं. कोर्टातून आलो की नवी फाईल उघडावीशीच वाटत नाही.

पहिल्या वर्षी असं नव्हतं. बडोद्याजवळच्या सावली तालुक्यात शेतांमधून भराभर कारखाने उभे राहत होते, रोजच्या पेपरात खाजगी विजेची चर्चा असायची, आणि तुम्ही कायदा शिकवण्यातून नुकत्याच निवृत्त झाला होतात. आम्ही पाच वकील शनिवारी दुपारी फतेगंजला तुमच्या स्वयंपाकघरात जमायचो, कारण बाहेरच्या खोलीत पुस्तकांमुळे बसायला जागाच नव्हती. बाकी चौघांशी तुम्ही गुजरातीत बोलायचात आणि माझ्याकडे वळलात की मराठीत. कारखान्यात बॉयलरवर काम करणाऱ्या, खानदेशातून पोटासाठी आलेल्या माणसाचा मी मुलगा. मला त्या मराठीचं फार अप्रूप होतं. रागवायचातही मराठीतच. मी पहिला मसुदा वाचून दाखवतो आहे, तुम्ही तुरीच्या शेंगा सोलता आहात, आणि मध्येच हात थांबवून म्हणता, "‘प्रदूषण’ किती वेळा आलं ते मोज. आणि विहीर किती वेळा आली? एकदाही नाही. विहीर कोणाची, तिचं पाणी कोण पितं, ते लिही. जा, बघून ये आधी."

मी स्कूटर काढून गेलो. आठ विघे जमीन एकटीनं कसणाऱ्या एका बेनची ती विहीर होती. त्यांनी बादली वर ओढली तर पाणी कुंकू कालवल्यासारखं. "ढोर पण मों फेरवी ले छे," गुरंसुद्धा तोंड फिरवतात, असं म्हणून त्यांनी बादली तिथेच ओतून टाकली. आसपास तीन कारखाने, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणारा. त्यातला सगळ्यात मोठा रंगांचा. त्याला आता आणखी वाढायचं होतं आणि कोळशावर चालणारं स्वतःचं वीजघरही हवं होतं. त्यासाठी जनसुनावणी लागणार होती. वर्षभर आपण त्याचीच तयारी केली. नाल्यातून बाटल्या भरून आणल्या, तपासून घेतल्या; प्रत्येक वेळी नाल्याचं पाणी ठीकच निघालं. माझे बाबा त्याच कारखान्यात होते, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही त्यावरून कधी एक शब्द काढला नाहीत.

सुनावणीच्या आदल्या रविवारी वाडीतल्या आमच्या घरी जेवताना बाबा अचानक म्हणाले, "नाल्यात काय बाटल्या बुडवत बसलात? घाण पाणी नाल्यात जातच नाही. मागच्या भिंतीखालून पाइप काढलाय. तो शेताच्या कडेच्या जुन्या बोअरमध्ये सोडलाय. टाकताना दोघंच होतो, मी आणि सुपरवायझर." मग त्यांनी भात मागून घेतला आणि दुसरंच काही बोलायला लागले.

मला तीन दिवस ते पोटात ठेवता आलं, चौथ्या दिवशी नाही. सुनावणीच्या आदल्या दुपारी मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही पेन खाली ठेवलंत.

"हे घरून कळलंय ना?"

"हो."

"पाइप टाकताना आणखी कोण होतं?"

"एक सुपरवायझर. तो नोकरी सोडून गेला."

"म्हणजे उद्या मी पाइपचं नाव काढलं, की कोणी सांगितलं हे संध्याकाळपर्यंत त्यांना कळेल." तुम्ही समोरची फाईल मिटलीत. "आज घरी जा. वडिलांना सगळं समजावून सांग. नोकरी जाऊ शकते, हेही सांग. ते हो म्हणाले तरच मी बोलेन. उद्या सकाळी मला उत्तर दे. जे असेल ते."

मी घरी गेलो. बाबा पहिल्या पाळीसाठी खाकी शर्टाला इस्त्री करत होते. निवृत्तीला अजून तीन वर्षं होती. कॉलर उलटी करून, त्यावर पाणी शिंपडून, ते अगदी मन लावून इस्त्री फिरवत होते. "उद्या तुमची ती सुनावणी ना?" त्यांनी विचारलं. "नीट बोला तिथे." मी हो म्हटलं. बस, एवढंच. सकाळी सावलीला जायला निघताना मी तुम्हाला सांगितलं, "बाबा नको म्हणाले."

"बरं," तुम्ही म्हणालात. "तो त्यांचा हक्क आहे."

बाई, मी त्यांना विचारलंच नव्हतं.

मांडवात कंपनीने बस भरून आणलेली माणसं पुढे बसली होती, गावातली मागे. बेन उठल्या, लाल पाण्याची बाटली घेऊन थेट टेबलापर्यंत गेल्या आणि अधिकाऱ्यांसमोर ठेवली. अधिकारी काही वाईट माणूस नव्हता. त्याने बाटली उचलून उजेडात धरली आणि विचारलं, "पाणी खराब छे, ए तो देखाय छे. पण आ ज कारखानानुं छे, एनो पुरावो?" याच कारखान्याचं कशावरून, म्हणून सगळा मांडव तुमच्याकडे बघायला लागला. तुम्ही उभ्या राहिलात. कोळशाच्या राखेवर बोललात, त्यांच्या अहवालात काय काय सुटलंय त्यावर बोललात, उत्तम बोललात. पाइपचं नाव काढलं नाहीत. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत, बघितलं असतंत तर मी काय केलं असतं कोण जाणे. सुनावणी उठल्यावर बेन तुमच्या वाटेत येऊन उभ्या राहिल्या. "बेन, तमे तो वकील छो ने? तो पछी?" तुम्ही तर वकील ना, मग असं कसं, या प्रश्नाला तुम्ही नुसते हात जोडलेत. मी तुमच्या मागे फायली धरून उभा होतो.

कारखान्याला परवानगी मिळाली. आपल्यातल्या दोघांनी, बाईंची तयारीच कमी पडली असं म्हणत, येणं बंद केलं. वर्षअखेरीच्या अहवालात तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलंत, ‘जनसुनावणीत आम्ही पुरावा देऊ शकलो नाही.’ कारण लिहू का, असं मी विचारलं, तर म्हणालात, "कारण लिहिलं तर तो माणूस ओळखू येईल. आपल्याला लोक चार शब्द बोलतील, बोलू देत." तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. सांगू, सांगू म्हणता दोन वर्षं गेली, आणि एका सकाळी तुम्ही गेल्याचा फोन आला.

त्यानंतर काही महिन्यांनी बाबा निवृत्त झाले. एकदा चहा घेताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं. "बाईंनी तुम्हाला विचारायला सांगितलं होतं, मी विचारलं नाही, तुमची नोकरी गेली असती म्हणून." बाबांनी बशी खाली ठेवली.

"गेली असती," ते म्हणाले. "पण त्या पाइपचं वेल्डिंग मी केलंय रे. तू विचारशील म्हणून तर तुला सांगितलं होतं."

त्यांनी आपणहून प्रतिज्ञापत्र करून दिलं. अधिकाऱ्यांना घेऊन शेतावर गेले, पायानं जागा दाखवली, आणि दोन हात खणल्यावर पाइप लागला. बोअर बुजवलं, कारखान्याला दंड झाला, गावाला टँकर सुरू झाला. पण जमिनीत इतकी वर्षं उतरलेलं पाणी थोडंच लगेच निवळतं. बेननी विहिरीवर पत्रा टाकून घेतला आहे. बाबांना त्या ओळखायच्या, चहा पाजायच्या. मला बघितलं की काही बोलत नाहीत, आणि मला तेच बरं वाटतं.

यंदा गटातल्या तरुण मंडळींनी आग्रह धरला, की अहवालात बाईंवर एक पान हवंच. त्या सुनावणीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: एका कामगारानं घाबरून नकार दिला, आणि त्याचं नाव बाहेर येऊ नये म्हणून बाईंनी सगळ्यांचे बोल मुकाट ऐकून घेतले. ही गोष्ट त्यांना मीच सांगितली आहे. तुमच्या शोकसभेत पहिल्यांदा सांगितली, मग शिबिरांमधून सांगत राहिलो. आता बाबाही नाहीत. आज ते पान लिहायला बसलो तेव्हा आधी खरं लिहिलं होतं, अर्धं पान. मग ते काढून नेहमीचं लिहिलं, आणि प्रेसचा माणूस आला तसं त्याच्या हातात दिलं. त्या पानावर कामगार नको म्हणाला, असंच आहे.