म्युझियममधला आवाज

उस्ताद,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. आज सोमवार, भर दुपारची वेळ, आणि मी शटर अर्धं पाडून तुमच्याशी बोलत बसलोय. जे झालं ते कानाचं काम होतं, आणि कानाचं काम तुमच्याशिवाय कोणाला सांगू? मंगरूळपीरातली जळालेल्या पंपाच्या मोटारींत नवी तार भरायची तुमची टिनाची शेड आता पक्कं दुकान झाली आहे. तुम्ही पाहिली तेव्हा माझी जी पोरगी तांब्याच्या तारांची बांगडी करून हातात घालायची, ती जर्मनीत पुढचं शिकायला गेली आहे. खोली भाड्यानं घेऊन एकटी राहते.

तुम्ही चालू मोटारीवर पेचकसाचं टोक टेकवायचात, मूठ कानाला लावायचात आणि डोळे मिटायचात. मी तेव्हा बावीस वर्षांचा, हाताला घाई. आसेगावच्या एका पाटलाची मोटार मी पूर्ण खोलून जमिनीवर मांडली होती. नुसतं बेरिंग कोरडं पडलेलं. तुम्ही आलात, त्या पसाऱ्याकडे पाहिलं आणि गिऱ्हाईकासमोरच म्हणालात, "खोलून कायले पाह्यलं बे? तिनं बोंबलून सांगितलं असतं तुले. कान काय टोपी अडकवायले देल्ले का?" पाटील पोट धरून हसला. त्या दिवसापासून मी आधी ऐकतो. आज तालुक्यात लोक म्हणतात की हा माणूस फोनवर मोटार ऐकून दुखणं सांगतो, आणि ते खरं आहे.

पोरगी तिकडे पोचली त्याच आठवड्यात तिच्या खोलीतला जुना फ्रिज खडखडायला लागला. झोप लागू देईना. मी म्हटलं, फोन त्याच्या मागे धर. ऐकलं, आणि सांगितलं की मागचा डावा पाय उचललेला आहे, खाली पुठ्ठा घाल. खडखड थांबली. "बाबा, तुमी डॉक्टर काहून नाही झाले?" म्हणून हसली. उरली ती बारीक घरघर. फ्रिजची मोटार अधूनमधून आपोआप थांबते, तेव्हा तो एकदा अंग झटकतो आणि मग दोनदा टकटक करतो. असा आवाज एका यंत्राचा एकच असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

गेले काही शनिवार-रविवार ती फिरायला जात होती. कधी राजवाडा, कधी चर्च, कधी म्युझियम. फोटो यायचे, त्यावर तिच्या आवाजात माहिती यायची. परवाच्या शनिवारी तिनं सांगितलं की आता दोन दिवस नुसती म्युझियमं. दुपारी जुन्या यंत्रांच्या म्युझियमचा फोटो आला, वाफेच्या इंजिनाचं भलंमोठं चाक. खाली तिचा आवाज, "बाबा, हे चाक आपल्या दुकानापेक्षा उंच हाये. इथं मोठ्यानं बोलू देत नाहीत, म्हणून हळूच सांगून राह्यली." बायकोनं शेजारणींना बोलावून फोटो दाखवला. एक म्हणाली, "येवढं पाहून पाय नसतीन दुखत का पोरीचे?" बायको म्हणाली, "तिकडं बसायले बाकडे ठेवतेत म्हणे जागोजागी." सगळ्या खूश. मी मात्र फोन कानाशी धरला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आवाज भिंतीला लागून परत यायला हवा. तिचा आवाज गादीत मुरत होता. पावलं नाहीत, खोकला नाही, कोणाचं लेकरू नाही. आणि शब्दांच्या खाली ती घरघर. अंग झटकलं, मग टकटक.

उस्ताद, ती खोलीत होती. फोटो कुठून तरी उचललेले, माहिती कुठून तरी वाचलेली, आणि माझी पोर अंथरुणात पडून आम्हाला जर्मनी दाखवत होती.

रविवारी तिनं चित्रांचं म्युझियम दाखवलं. बायको म्हणाली, "तुमी कायले तोंड पाडून बसले? पोरगी दुनिया पाहून राह्यली अन् तुमाले कौतुक नाही." मी फोन घेऊन मागच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि पोरीला फोन केला.

"बाबा, मी म्युझियमच्या टॉवरवर चढून राह्यली. इथून पूर्ण शहर दिसते."

मला पाना उचलून काही खोलायचं नव्हतं. तरी तोंडातून गेलं, "बेटा, तो फ्रिज बंद कर जरा. तुहा आवाज नीट येत नाही."

पलीकडे यंत्र चालू. मग पलंगाची करकर, चार पावलं, आणि घरघर थांबली. तेवढ्या शांततेत मी तिचा श्वास ऐकला. कोरड्या बेरिंगसारखा, उस्ताद. मी आयुष्यभर असा आवाज आला की हात पुढे करत आलो, आणि आता हात करायचा कुठे?

"मी कॉलेजात जाणं सोडलं बाबा," ती म्हणाली. "तोंड उघडलं का मले रडू येते. दूध आणायलेबी दोन जिने उतरणं होत नाही. तुमी सगळ्याइले फोटो दाखवता, म्हणून धाडत राह्यली."

मी म्हटलं, जॅकेट घाल, फोन कापू नको, चाल माझ्यासोबत. किल्ली वाजली, जिना वाजला, दार उघडलं आणि वारं शिरलं. कुठेतरी ट्रामची घंटी. मी मागच्या खोलीत उभा, जणू मीच तिच्या पायानं चालतोय. पंचवीस-तीस पावलांवर ती थांबली. "माह्याच्यानं होत नाही बाबा." परत फिरली. मी म्हटलं, "घरी ये माय, शिक्षण गेलं खड्ड्यात." ती नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही. आज सकाळपासून तीन फोन केले. दोनदा उचलला, तिसऱ्यांदा वाजून वाजून थांबला. शेजारच्या खोलीतल्या मुलीचा नंबर मिळवलाय, ती तिचं दार ठोठावायला गेली आहे. मी त्या मुलीच्या फोनची वाट पाहतोय. तोवर काय करावं कळेना, म्हणून हे लिहितोय. तुमच्यापर्यंत ते पोचवणारं कोणी नाही, आणि असतं तरी मी दिलं नसतं, कारण एक गोष्ट राहिली आहे.

काल तिनं विचारलं होतं, "तुमाले कधीपासून माहीत?" मी म्हटलं, कालपासून. तुम्हालाही वर शनिवारच लिहिला. तसं नाही, उस्ताद. ती टकटक मी तीन आठवड्यांपूर्वीच ऐकली होती, राजवाड्याच्या फोटोखाली. ओळखलीही तेव्हाच. दुकानात त्या वेळी चार गिऱ्हाईकं बसली होती. मी फोनचा आवाज वाढवला, त्यांनाही तिचा राजवाडा ऐकू जावा म्हणून.