मुका दबा

सोलापूर,
१२ एप्रिल २०२५

प्रिय शिवराज,

तुझा फोन येऊन आठवडा झाला. उत्तर पत्रानं देतोय, कारण फोनवर तू मध्येच हसतोस आणि मग मीही हसून मोकळा होतो. आम्ही सगळे ठीक. तुझ्या झीनतवहिनीची बीएडची परीक्षा संपली. शाळेचं मैदान सकाळी नऊलाच तापतं. पोरांची कवायत घ्यायला जिवावर येतं. काकूंचा गुडघा कसा आहे? दिलेलं तेल लावतात का, की नुसतं उशाला ठेवतात?

यंदाही तुझ्या शेतावर शिबिर होतंय, हे बरं झालं. पोरं 'उसातला तो खेळ आहे ना?' असं विचारतात म्हणालास. मुका दबा. आपण दोघं पोटावर सरपटत तो शोधत होतो, तेव्हा तुझा गडी धोंडीराम बांधावरून म्हणाला होता, "मास्तर, रानडुकरं बी एवढा आवाज करत न्हाईत की!" मग आपल्याला उमगलं: वारा सुटला की सरकायचं, थांबला की जागीच निजायचं. मचाणावरच्या राखणदाराला शेंडा हललेला दिसला की तो सरी दाखवून ओरडणार. त्या सरीतलं पोर बाद. एरवी क्षणभर गप्प न बसणारी शहरातली पोरं वाऱ्याची वाट बघत पडून राहायची. इतका चांगला खेळ मला पुन्हा सुचेलसं वाटत नाही.

आता तुझ्या निरोपाचं. 'पोस्टरवर तुझं नाव नको. पालक सोडून गेले की मागच्या बांधावरनं ये, खेळ घे, आणि शेवटच्या दिवशी ते न्यायला यायच्या आत नीघ.' तू हे इतक्या सहज म्हणालास की माझ्याही तोंडून 'बघू' निघून गेलं.

गेल्या मे महिन्यातला तो व्हिडिओ अजून कुणाकुणाच्या फोनमध्ये असेल. तोंडं बांधलेली पोरं उसातून सरपटतायत आणि मागून माझा आवाज, "कुणाला दिसायचं नाही." पालकांच्या ग्रुपवर तो फिरला आणि न्यायला आले तेव्हा त्यांनी आपल्याला मांडवात उभं केलं. "हे मुलाणी सर आमच्या मुलांकडून नेमकी कसली तयारी करून घेतात?" मागून कुणीतरी म्हणालं, "विचारलेलं बरं. आजकाल काय सांगावं!" आणि दोघंतिघं हसले.

मी तुझ्याकडे बघितलं. फडकी बांधायला तू सांगितलं होतंस. उसाची पात तोंड कापते, हे मैदानावरच्या माणसाला कुठून माहीत असणार? पहिल्या सकाळी काकूंनी स्वतः जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या. "बांदा रं पोरांनो, न्हायतर घरी गेल्यावर आई वळखायची न्हाय!"

तेवढंच तू त्यांना सांगायला हवं होतंस. तू म्हणालास, "खेळांचं सगळं अतीकच बघतो. मला कल्पना नव्हती."

अपेक्षा म्हणाली, "पप्पा, तुम्हीच सांगितलं होतं की." तू पोरीला पाणी आणायला पाठवलंस.

मी एसटीनं परत आलो. घरी सांगितलं, ऊन लागलं. झीनत अजून समजते, शिबिर मीच सोडलं.

तू घाबरलास, त्याचा राग कधीच ओसरला. पण वर्षभर त्या दिवसाबद्दल तू एक अक्षर काढलं नाहीस, आणि फोन केलास तो मला लपूनछपून बोलवायला. हे मला गिळता येत नाही.

खेळ खुशाल वापर. पोरांना सोडायच्या आधी काठीनं सगळ्या सऱ्या झोडपून घे. पंपाकडची बाजू दोरीनं बंद कर. खेळाच्या नादात पोरं धरणाच्या पाण्यापर्यंत जातात. आणि फडकी बांधच, कुणी काही म्हणो.

मी येईन तर पहिल्या दिवशी, पालक हजर असताना, पुढच्या फाटकातून येईन. पोस्टरवर पूर्ण नाव असेल, अतीक लालसाब मुलाणी. फडकी कुणी बांधायला लावली, हे तू त्या सगळ्यांना सांगायचंस, मी शेजारी उभा असताना. नाही जमलं तर मला बोलवू नकोस. आणि अतीककाका का आले नाहीत, हे अपेक्षाला तुझ्या तोंडानं सांग.

काकूंना नमस्कार. तुला काय लिहावं, ते सुचलं नाही.

अतीक